शब्दचर्चा : तारणाची खात्री, हमी की शाश्वती?

रानजाई :
आमच्या मंडळीतल्या तरुणांसाठी पाठांची एक छोटी पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणते आहे. दोन ठिकाणी अडले. पहिला शब्द ‘इटर्नल सिक्युरिटी’, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याचं तारण एकदा झालं की ते पुन्हा हिरावलं जात नाही, ही शिकवण. एकाने ‘तारणाची सुरक्षितता’ सुचवलं, दुसऱ्याने ‘शाश्वत सुरक्षा’. पहिलं वाचून सोनेतारण कर्ज आठवतं, दुसरं विम्याच्या जाहिरातीतलं वाटतं. दुसरा शब्द ‘पर्पज’, देवाचा. हेतू, उद्देश, योजना, संकल्प असे चारही शब्द वापरलेले दिसतात. पुस्तिकेत हे दोन मुद्दे एकमेकांत गुंतलेले आहेत : देवाने ठरवलेलं बदलत नाही, म्हणून तारण जात नाही. शब्दही तसेच एकमेकांना धरून असावेत असं वाटतं. जाणकारांनी मदत करावी.

खतावणी :
ख्रिस्ती धर्मशास्त्र माझा विषय नाही, पण सोनेतारण रोजचं. बँकेत तारण म्हणजे कर्ज बुडू नये म्हणून ठेवून घेतलेली वस्तू. संस्कृतात तारण म्हणजे पलीकडे नेणं, तारून नेणं. बुडण्यापासून वाचवणं दोन्हीकडे आहेच, तेव्हा शब्द परका झालेला नाही. मात्र शेजारी ‘सुरक्षा’ आली की वाचकाचं मन बँकेत जाणार. ‘तारण’ राहू द्या, शेजारचा शब्द बदला.

ओवीकर :
खतावणी यांच्याशी सहमत. ‘तारण’ला हात लावू नका; ‘तुझं तारण झालंय का?’ हा प्रश्न मराठी ख्रिस्ती घरांत आणि सभांत किती वेळा विचारला जातो ते तुम्हाला माहीतच आहे.

आता शेजारचा शब्द. खात्री, हमी, शाश्वती हे तिन्ही आपण सैलपणे एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांची घरं वेगळी आहेत. खात्री माझ्या मनात असते. हमी दुसरा कुणी देतो. शाश्वती त्या गोष्टीतच असते, मला ती जाणवो न जाणवो. इथे हा फरक पाळायलाच हवा, कारण प्रॉटेस्टंटांमधल्या सुधारित (रिफॉर्म्ड) पंथाच्या धर्मशास्त्राने तो मुद्दाम पाळला आहे. त्या पंथाच्या 1646 सालच्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात, म्हणजे काय मानतो ते सांगणाऱ्या जाहीरनाम्यात, सतरावं प्रकरण पवित्र जनांच्या टिकून राहण्याचं आहे आणि अठरावं खात्रीचं. अठराव्यात स्पष्ट म्हटलं आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री लाभायला फार काळ लागू शकतो, लाभलेली खात्रीही डळमळू शकते. म्हणजे खात्री हलली तरी तारण हलत नाही. मनाने खचलेल्या माणसासाठी हा फरक फार मोलाचा आहे. ‘मला आतून काहीच वाटत नाही, म्हणजे माझं तारण गेलं’ असं समजून रात्र रात्र जागणारी माणसं मी पाहिली आहेत. शीर्षकात ‘खात्री’ लिहिलंत तर पुस्तिका त्यांना पुन्हा स्वतःच्या मनातच डोकवायला लावेल.

म्हणून माझं मत ‘तारणाची शाश्वती’. हा शब्द बोलण्यात बहुतेक नकारासोबतच येतो : पावसाची शाश्वती नाही, नोकरीची शाश्वती नाही, आयुष्याची काय शाश्वती! ज्याच्या नशिबी कायम ‘नाही’ आलं, तो शब्द इथे ‘आहे’सोबत येतो. तरुण वाचक तिथे क्षणभर थांबेल, आणि थांबावंच.

‘पर्पज’साठी ‘संकल्प’. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, 28व्या वचनात, ‘त्याच्या संकल्पाप्रमाणे बोलावलेल्यांना’ असं मराठी पवित्र शास्त्रात आहेच. हेतू फसतो, योजना जाहीर होते आणि बारगळते. संकल्प मात्र कर्त्याला बांधून घेतो. पूजेआधी स्थळकाळाचा उच्चार करून, हातावरून पाणी सोडून संकल्प करतात. त्यानंतर ते कर्म पुरं करायची जबाबदारी करणाऱ्याची. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात देवाच्या संकल्पाला ग्रीकमध्ये ‘आमेताथेतोस’ म्हटलं आहे, म्हणजे ज्याची जागा हलवता येत नाही असा. हा शब्द त्या काळच्या मृत्युपत्रांच्या भाषेतही आढळतो. मराठीत याला ‘अढळ’ इतका नेमका शब्द दुसरा नाही. जो ढळत नाही तो अढळ, आणि ध्रुवाच्या अढळपदामुळे तो पोरासोरांनाही कळतो. ‘अपरिवर्तनीय’ लिहू नका, तो कायद्याच्या पुस्तकात शोभतो.

मधुरव :
एक शंका. आपल्याकडे ‘मुक्ती’ आणि ‘मोक्ष’ या शब्दांतच परत न येणं आहे. गीतेत स्वर्गातून पुण्य संपल्यावर परत यावं लागतं, पण परमधामाला गेलेला परतत नाही. मग शाश्वती वेगळी सांगायची गरज नसलेला ‘मुक्ती’ हाच शब्द का घेऊ नये? पंडिता रमाबाईंनी केडगावच्या संस्थेला ‘मुक्ती’च नाव दिलं होतं.

ओवीकर :
मधुरव, रमाबाईंचं उदाहरण योग्य आहे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि ते 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. मुक्ती शब्द मराठी ख्रिस्ती लिखाणात चालतो. पण ‘मुक्ती’त सुटलेला दिसतो, सोडवणारा दिसेलच असं नाही. ‘तारण’ म्हटलं की ‘तारणारा’ मागे उभाच असतो. या शिकवणीचा सगळा भार त्या तारणाऱ्यावर आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू मेंढरांविषयी म्हणतो की त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकून घेणार नाही. तिथे मेंढराची पकड किती घट्ट, हा विषयच नाही. ग्रीकमध्ये ‘त्यांचा कधीही नाश होणार नाही’ याला दुहेरी नकार आहे, त्या भाषेतला सर्वांत ठाम नकार. मराठीत तो ‘मुळीच’ किंवा ‘कदापि’ घालून आणावा लागतो.

खतावणी :
या निमित्ताने बायबल चाळलं. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात ‘विसार’ शब्द दिसला आणि चकित झालो. जमिनीच्या व्यवहारातला विसार तो हाच का?

ओवीकर :
तोच! याच शब्दासाठी मी कधीची वाट पाहत होतो.

ग्रीक शब्द ‘अर्राबोन’. नव्या करारात तो तीनदाच येतो : करिंथकरांस दुसऱ्या पत्रात दोनदा आणि इफिसकरांस पत्रात एकदा. तिन्ही ठिकाणी विसार म्हणजे पवित्र आत्मा. शब्द बाजारातला आहे. इजिप्तमध्ये इ.स.पू. दुसऱ्या शतकातला एक पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचा लेख) सापडला आहे, त्यात गाय विकणाऱ्या एका बाईला 1000 द्राख्मा अर्राबोन म्हणून मिळाल्याची नोंद आहे. ज्या मराठी भाषांतरकाराने तिथे ‘विसार’ ठेवला त्याला दाद द्यायला हवी. कुणी ‘हमी’ लिहितात, ती फिकी वाटते.

आता खतावणी तुमच्याच क्षेत्रातला फरक बघा. तारण म्हणून ठेवलेलं सोनं कर्ज फिटलं की परत घेतात, कारण ते कर्जाचा भाग नव्हतंच. विसाराचं तसं नाही. विसार हा ठरलेल्या किमतीचाच पहिला हप्ता. खरेदीखताच्या दिवशी तो परत मागत नाहीत, उरलेली रक्कम देतात. म्हणजे विश्वासणाऱ्याला आज मिळालेला आत्मा हा पुढे मिळायच्या गोष्टीचाच अंश आहे. हा शब्द ग्रीकमध्ये हिब्रूच्या कुळातल्या सेमिटिक भाषांकडून आला; हिब्रूत तो ‘एराव्होन’. उत्पत्तीच्या 38व्या अध्यायात यहूदा तामारकडे आपली मुद्रा, गोफ आणि काठी ठेवतो तिथे हाच शब्द आहे, पण तिथे वस्तू सोडवून घ्यायच्या बोलीवर ठेवलेल्या आहेत. बँकेच्या भाषेत ते झालं तारण. ही पत्रं लिहिणाऱ्या पौलाच्या लेखणीत तोच शब्द विसार झालेला आहे.

आणि सौदा मोडला तर कोण बुडतो? विसार देणाऱ्या खरेदीदारानेच पाठ फिरवली तर विसार त्याचा जातो. इथे देणारा देव आहे. त्याने माघार घेतली तर त्याचाच आत्मा पणाला लागतो. देवाचा संकल्प अढळ आहे आणि माणसाचं तारण शाश्वत आहे, ही रानजाईंची दोन वाक्यं या एका शब्दात एकत्र येतात.

पायवाट :
शब्दांची चर्चा सुरेख चालली आहे, पण एक सांगणं भाग आहे. ही सगळ्या ख्रिस्ती लोकांची शिकवण नाही. मी मेथडिस्ट घरातली. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली तारण गमावता येतं असंच मानत. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये, विशेष प्रकटीकरणाशिवाय आपण शेवटपर्यंत टिकणारच असं कुणी निःसंशय म्हणू नये, असा निर्णय दिला. शिवाय ज्या इब्री पत्राच्या सहाव्या अध्यायातून तुम्ही ‘अढळ’ काढलात, त्याच अध्यायाच्या चौथ्या ते सहाव्या वचनांत, एकदा प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दानाची रुची घेतलेले लोक पतन पावले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं आहे. ‘शाश्वती’ असं शीर्षक देऊन ही वचनं झाकली जाऊ नयेत.

ओवीकर :
झाकू नयेतच, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. ही वचनं वाचताना अंगावर काटा यावा अशीच लिहिली आहेत. आणि ही दोन्ही मतं आपल्याकडे एकाच बाकावर बसतात : 1970 साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांची माणसं एकत्र आली.

मी सुधारित बाजूने वाचतो, ते का तेवढं सांगतो. इशारा देऊन झाल्यावर लगेच नवव्या वचनात लेखक म्हणतो की आम्ही असं बोलत असलो तरी, प्रियजनहो, तुमच्याविषयी याहून चांगल्या आणि तारणाशी निगडित गोष्टींची आम्हाला खात्री आहे. पुढे तो अब्राहामाकडे वळतो : आपल्याहून मोठा कुणी नाही म्हणून देवाने स्वतःचीच शपथ वाहिली. इशारा आणि शपथ एकाच दमात आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे देव आपल्या माणसांना राखतो तो अशा इशाऱ्यांच्या द्वारेही राखतो. आणि सुधारित पंथाच्या 1618–19च्या डोर्ट धर्मसभेने ही शिकवण मांडली तेव्हा विश्वासणारा पडत नाही असं म्हटलं नाही. दावीद आणि पेत्र यांचं नाव घेऊन, माणूस किती खोल पडू शकतो तेच आधी लिहिलं.

दर्यावर्दी :
त्याच अध्यायातला ‘नांगर’ राहिला. आशा हा जिवाचा नांगर, स्थिर आणि अढळ, असं तिथे आहे. आमच्या मालवणकडे कुणाला अडचण नाही, पण देशावरच्या मुलांना नांगर म्हटलं की शेत दिसतं. समुद्रावरचा नांगर फारसीतल्या लंगरशी जोडतात, शेतातला संस्कृत लाङ्गलवरून आलेला. पुस्तिकेत ‘गलबताचा नांगर’ लिहा. आणि तिथलं चित्र उलटं आहे हेही सांगा : आपण नांगर खाली तळाशी टाकतो, हा मंदिरातल्या परमपवित्र जागेच्या पडद्याच्या आत, देवाच्या समोर टाकलेला आहे.

मधुरव :
इफिसकरांस पत्रात विसाराच्या आधी मुद्रा येते. तिथे ‘शिक्कामोर्तब’ कसा वाटतो? मराठेशाहीच्या कागदांत शिक्का वर, मोर्तब शेवटी. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’, म्हणजे पत्राची मर्यादा इथे संपली, पुढे कुणी भर घालायची नाही.

ओवीकर :
वा! पुस्तिकेच्या विवेचनात जरूर घ्या. वचनात मात्र ‘मुद्रा’च राहू दे, कारण तिथे शिक्का कागदावर नाही, माणसावर आहे, ‘हा माझा’ असं सांगणारा.

रानजाई :
सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षक ‘तारणाची शाश्वती’, पहिला पाठ ‘देवाचा अढळ संकल्प’, आणि ‘तारणाची खात्री’ हा स्वतंत्र पाठ. पायवाट ताई, इब्री सहाची इशाऱ्याची वचनं पूर्ण छापणार आहे, आणि वेगळं मत मानणाऱ्या मंडळ्यांचा उल्लेखही. शेवटची दोन विचारते. तारण ‘झाले’, ‘झाले आहे’ की ‘झालेले आहे’? आणि ‘पर्सिव्हरन्स’ला, म्हणजे विश्वासात शेवटपर्यंत टिकण्याला, ‘चिकाटी’ चालेल?

ओवीकर :
‘झालेले आहे’. इफिसकरांस 2:8 मध्ये मराठीत तेच आहे, आणि ग्रीकमधलं पूर्ण क्रियापद त्यात बरोबर उतरतं : गोष्ट घडून गेली, परिणाम अजून उभा आहे. पण सगळीकडे तेच लावू नका. करिंथकरांस पहिल्या पत्रात, 1:18 मध्ये, तारण ‘होत आहे’ असा चालू काळ आहे, रोमकरांस 5:9 मध्ये भविष्यकाळ. तिन्ही काळ जसेच्या तसे ठेवा.

‘चिकाटी’ नको, ती अभ्यासाला आणि व्यायामाला. माणसाच्या बाजूने ‘टिकून राहणे’, देवाच्या बाजूने ‘राखणे’. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंची राखण आहे : वतन तुमच्यासाठी स्वर्गात राखून ठेवलेलं, आणि तुम्ही त्या वतनासाठी देवाच्या सामर्थ्याने राखलेले. दुसऱ्या ठिकाणचा ग्रीक शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे, तेव्हा ‘पहाऱ्यात राखलेले’ असंही चालेल. ‘वतन’ला मात्र तळटीप द्या. आपल्याकडची कनिष्ठ गावकामगारांची वतनं 1958च्या कायद्याने गेली. आजच्या मुलांनी हा शब्द ऐकलाय तो देशभक्तीच्या गाण्यात. इथे तो बापाकडून मुलाकडे येणाऱ्या हक्काच्या अर्थाने आहे, आणि पेत्र त्याला अविनाशी म्हणतो, एवढं दोन ओळींत सांगितलं तरी पुरे.