मदत हवी आहे: मायस्थेनिया आणि फ्लूची लस

आईला (वय ६२) मायस्थेनिया ग्रेव्हिस (प्रतिकारशक्तीच्या गडबडीमुळे स्नायू लवकर थकण्याचा आजार) आहे. अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडी (या आजाराची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. पायरिडोस्टिग्मिन (स्नायूंच्या ताकदीसाठी) आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू. संध्याकाळी डावी पापणी अर्ध्यावर उतरते, चावता चावता जबडा थकतो. गिळायला, श्वासाला त्रास नाही.

न्यूरोलॉजिस्ट म्हणतात, फ्लूची निष्क्रिय लस घ्या, नाकातली जिवंत विषाणूची नको. मला पटतं, कारण फ्लू झाला तरी मायस्थेनिया बळावू शकतोच. पण आईच्या डोक्यात १९७६ची स्वाइन फ्लूची लस आणि त्यानंतर काहींना झालेला गिया-बारे (नसांवर हल्ला होऊन अशक्तपणा येण्याचा आजार) घट्ट बसलाय. तो आजार वेगळा, तेव्हाचा जादा धोकाही साधारण लाखात एक, हे सांगून झालं. उपयोग शून्य!

अझाथायोप्रिन चालू असताना ही लस घेतलेलं कुणी आहे का? नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत पापणी किंवा चावण्यात फरक पडला का, आणि पडला असेल तर सावरायला किती दिवस लागले?