काळी मुसळी कुंडीत : मदत हवी आहे

पुण्यात पूर्वेच्या बाल्कनीत १० इंची कुंडीत काळी मुसळी आहे (पांढरी नव्हे, हिची फुलं पिवळी, चांदणीसारखी, अगदी मातीलगत). लाल माती, पानांचं खत, थोडी वाळू. सकाळचं ऊन, दुपारी सावली. पावसाळ्यात भरपूर फुलली, दिवाळीनंतर पानं वाळली. पाणी वाढवलं तर माती आंबल्यासारखी वास मारू लागली, म्हणून थांबवलं. उकरून पाहिलं, कंद टणक आहे. बिया पेरल्या होत्या, एकही रुजली नाही. औषधासाठी नको, नुसती वाढवायची आहे. रानातून आणखी उपटून आणणार नाही. तिथे आधीच ओरबाडली जाते.

आता जूनपर्यंत कुंडी पूर्ण कोरडी ठेवू की अधूनमधून पाणी शिंपडू? आणि कंदाचे तुकडे करून लावायचे तर प्रत्येक तुकड्याला शेंड्याचा डोळा हवाच का?