मदत हवी आहे: मागच्या ड्रम ब्रेकची जुळणी केली, पण डावा ड्रम काही बसेना

मंडळी, नमस्कार. दोन रविवार गेले, आता तुम्हालाच विचारतो.

गाडी १९६४ ची, चारही चाकांना ड्रम. मागचे लायनर (शूवरचा घासणारा थर) रिव्हेटपर्यंत झिजले होते म्हणून नवे शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) आणले आणि स्वतःच बसवायला घेतले. पुढचे गेल्या वर्षी मीच केले होते, त्यामुळे मागचे म्हणजे काय मोठंसं, अशी माझी समजूत. मागे हँडब्रेक असतो, हे ड्रम उतरवल्यावर आठवलं.

रचना अशी: व्हील सिलिंडर (पेडल दाबलं की शू फाकवणारा) वर, दोन पिस्टनचा, बॅक प्लेटला (ड्रममागच्या स्थिर पत्र्याला) पक्का. खाली शूची टोकं टेकायला ठोकळा. वर एक, खाली एक स्प्रिंग. सिलिंडरच्या जरा खाली दोन्ही शूंच्या मध्ये एक चपटी लोखंडी पट्टी आडवी जाते. मागच्या शूला हँडब्रेकचा लिव्हर, त्याच्या खालच्या टोकाला केबल. ॲडजस्ट करायला प्रत्येक शूमागे एक कॅम (शूला बाहेर रेटणारी चकती) आहे, तो बॅक प्लेटच्या मागून पान्याने फिरतो.

चूक आधीच कबूल करतो: दोन्ही बाजू एकदम खोलल्या. फोटो काढलेत, पण डावीकडच्या फोटोत नेमकी पट्टीची खाच माझ्याच अंगठ्याआड गेली आहे.

सध्याची स्थिती. उजवीकडे ड्रम बसला, हाताने फिरतो, पण दर फेऱ्यात एकदा, ठरावीक जागी ‘खर्र’ करतो. डावीकडे ड्रम बोटभर आत जातो आणि अडतो. कॅम दोन्ही पूर्ण सैल आहेत. व्हर्नियर लावून पाहिलं, तर बसवलेल्या शूंची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी डावीकडे उजवीपेक्षा जवळजवळ ३ मिमी जास्त भरते. चारही शू एकाच खोक्यातले.

लायनर जाड आले असावेत असं वाटतंय. पॉलिश पेपरने घासून कमी करावेत का? की दुसरे मागवू?

प्रतिसाद

शू पुढचा मागे, मागचा पुढे असं झालं नाही ना? बऱ्याच गाड्यांत लायनर शूच्या बरोबर मधोमध नसतो, एका टोकाला सरकवून लावलेला असतो. जुने शू शेजारी ठेवून ताडून बघा. आणि ड्रमच्या आतल्या कडेला बोट फिरवा. जुन्या ड्रमला तिथे न झिजलेला ओठ राहतो, नवा शू त्यालाच अडतो.

धागाकर्ता

ताडून पाहिलं, शू बरोबर आहेत. ओठ आहे, पण नखाला जेमतेम लागेल एवढाच. आणि उजवा ड्रम डावीकडे लावून पाहिला, तोही तिथेच अडला.

प्रतिसाद

लायनर घासू नका. एकाच खोक्यातले शू उजवीकडे बसतात, म्हणजे लायनर निर्दोष. डावीकडे उजवाही ड्रम अडतो, म्हणजे ड्रमही निर्दोष. ३ मिमी शूंच्या मधल्या सामानातून येतायत, आणि मध्ये आहे काय? पिस्टन, पट्टी आणि लिव्हर.

हँडब्रेक कसा चालतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. लिव्हर वरच्या बाजूला मागच्या शूत खिळलेला. केबल त्याचं खालचं टोक पुढे ओढते, तसा खिळीच्या लगतचा भाग पट्टीला ढकलतो, पट्टी पुढच्या शूला बाहेर रेटते, आणि त्याच्याच उलट धक्क्याने मागचा शू मागे सरकतो. म्हणजे केबल थोडी जरी ताणलेली राहिली, तरी हँडब्रेक सोडूनही शू फाकलेलेच राहणार. लिव्हरला एक छोटी चोच असते. केबल सैल असताना ती शूच्या कडेला टेकलीच पाहिजे. तुमची टेकते का?

बहुधा टेकत नसेल. लायनर झिजत जातात तसा हँडब्रेक वर येतो, मग ॲडजस्टरला हात न लावता कुणीतरी केबलच आवळून ठेवतं. नवे जाड लायनर आले की ती आवळलेली केबल आड येते. एकाच बाजूला का, तर केबल दोन्हीकडे वाटणारा गाडीखालचा दुवा गंजून तिरका अडकला की सगळा ताण एकीकडेच जातो. दुव्याला तेल द्या, केबल अगदी लोंबेपर्यंत सोडा आणि मग परत मोजा.

जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कोरड्या ब्रशने झाडूही नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला मास्क. घासू नका म्हणण्याचं हेही कारण.

धागाकर्ता

काका, तुम्ही गाडीखाली माझ्या शेजारी होतात का? चोच टेकलेली नव्हती. मधल्या फटीत अंगठ्याचं नख सहज गेलं. दुवा खरंच तिरका होता, तेल देऊन दोनदा ठोकल्यावर सरळ झाला. केबल सोडली, चोच टेकली. पण रुंदी अजूनही उजवीपेक्षा दीड मिमी जास्त. ड्रम आता आणखी आत जातो, पण बसत नाही.

प्रतिसाद

मग पट्टी. पट्टीच्या टोकाला खाच असते, खाचेच्या बाजूला खांदा. लिव्हर खाचेच्या तळाशी बसायला हवा. खांद्यावर चढून बसला तर पट्टी तेवढीच लांब होते. वरून बघितलं तर सगळं जागच्या जागी दिसतं, टॉर्च तिरका धरा. दोन्ही पट्ट्यांवर डावी-उजवीची खूण आहे का तेही बघा. काही गाड्यांत त्या एकसारख्या नसतात आणि उलट्या लावल्या की असंच होतं.

जाता जाता: एक ड्रम बाहेर असताना पेडलला पाय लावू नका, कुणाला लावूही देऊ नका. पिस्टन बाहेर येऊन पडतील. दोन्ही पिस्टनवरून जाड रबर बँड ताणून ठेवा. आणि सिलिंडरच्या धूळ-रबराची कड हळूच उचलून पाहा. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय, नवे शू भिजून वाया जातील. तुमच्या गाडीच्या काळात बहुतेक ठिकाणी चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असायचं. एक सिलिंडर गेला की पेडल जमिनीला टेकतं, मागे-पुढे काही उरत नाही.

धागाकर्ता

खांदाच! टॉर्च तिरका धरल्यावर दिसलं, लिव्हर खाचेच्या काठावर चढून बसला होता. वरची स्प्रिंग काढली, पट्टी अर्धी वळवून पुन्हा बसवली, तसा लिव्हर ‘टक्’ करून आत बसला. तो आवाज मी विसरणार नाही. (स्प्रिंग परत लावताना एकदा सुटून कानाजवळून गेली. आता चष्मा घालूनच काम.) ड्रम दोन हातांनी धरला आणि सरकन आत गेला. धूळ-रबराखाली दोन्हीकडे कोरडं.

आता उजवीकडची खरखर.

प्रतिसाद

शू जागचा हलत नाही, फिरतो तो ड्रम. फेऱ्यात एकदाच घासतं म्हणजे दोष फिरणाऱ्या भागात. एक तर ड्रमची गोलाई बिघडलीय, नाहीतर तो हबवर (ज्यावर ड्रम बसतो तो मधला भाग) सपाट बसलेला नाही. चाकाच्या एका बोल्टपाशी हबवर खडूची खूण करा, तिच्यासमोर ड्रमवरही करा. ड्रम काढून एक बोल्ट पुढे फिरवून बसवा, नट आवळा, परत फिरवा. खरखर ड्रमच्या खुणेबरोबर सरकली तर ड्रम खरादावर न्यावा लागेल. कमाल व्यास बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो, त्यापुढे जाऊ नका. हबच्या खुणेपाशीच राहिली तर हबचं तोंड साफ करा.

धागाकर्ता

हबच्या खुणेपाशीच राहिली. ड्रम काढला तर हबच्या तोंडावर गंजाची एक खपली, पापडीएवढी. वायर ब्रश मारला. खर्र गेलं, आता फक्त सगळीकडून हलकं सुर्र.

प्रतिसाद

हलकं सुर्र चालेल, नवे लायनर आहेत. आता दोन्ही ड्रम बसलेत, तर हे या क्रमाने करा. कॅम फिरवून ड्रम जॅम करा. पेडल दोन-तीनदा जोरात दाबा, म्हणजे शू मधोमध येतील. आणखी फिरत असेल तर पुन्हा जॅम करा, मग ड्रम मोकळा होईपर्यंतच सोडा. दोन्ही शूंचं वेगवेगळं, दोन्ही चाकांचं झालं की मगच हँडब्रेकची केबल. केबल आधी आवळलीत तर हाच धागा पुन्हा काढावा लागेल. आणि ड्रम पुन्हा उतरवाल तेव्हा बॅक प्लेटवर शू जिथे घासतात तिथे न वितळणारं ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच, लायनरला एक ठिपकाही नको.

धागाकर्ता

झालं. हँडब्रेक चौथ्या खटक्याला धरतो, सोडला की दोन्ही चाकं मोकळी. पेडल कडक आहे. पुढच्या चाकांना उटी (अडसर) लावून, गाडी घोड्यांवर (स्टँडवर) असतानाच तपासलं, उद्या मोकळ्या जागेत हळू चालवून बघेन.

फक्त एक शंका. सगळं आवरल्यावर डब्यात एक पातळ वॉशर उरलाय.

प्रतिसाद

सपाट की लहरी?

धागाकर्ता

लहरी.

प्रतिसाद

मग तो लिव्हरच्या खिळीवरचा, क्लिपखाली बसतो. जुन्या शूवरून लिव्हर काढताना पडला असेल. कुठल्या बाजूचा ते आठवत नसेल तर दोन्ही ड्रम उतरवा.