दोन ट्रॉम्बोन म्हणजे एकच आवाज दोनदा?

मारवा: 'द ग्रेट काय अँड जे. जे.' हा काय विंडिंग आणि जे. जे. जॉन्सन यांचा 1961 चा जाझ अल्बम ऐकला. पुढच्या रांगेत दोघेही ट्रॉम्बोनवालेच, म्हणजे सरकत्या नळीचं तेच पितळी वाद्य फुंकणारे. सॅक्स आणि ट्रम्पेट समोरासमोर असले की संवाद होतो, इथे एकच माणूस दोनदा बोलतोय. बिल एव्हान्सचा पियानो नसता तर अर्ध्यातच बंद केला असता.

खर्जवाला: 'एकच माणूस' वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. जे. जे. जॉन्सन इंडियानापोलिसचा, काय विंडिंग जन्माने डेन्मार्कचा. जॉन्सनचा प्रत्येक सूर सुटा, कोरडा आणि इतका जलद, की लोकांना त्याच्या वाद्याला व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायची बटणं, असल्याचा संशय यायचा. विंडिंग अमेरिकन बँडलीडर स्टॅन केंटनच्या बँडमध्ये तयार झालेला. त्याचा आवाज रुंद, खरखरीत. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीवर सात जागा, त्याही हाताने आणि कानाने शोधायच्या. कुठे खूण नाही की बटण नाही. अशा दोन नळ्या जवळजवळच्या सुरांवर एकदम नेऊन ठेवायच्या म्हणजे काय, ते करून बघा! 1954 पासून दोन वर्षं हे दोघं एकत्र वाजवत होते, मग वेगळे झाले आणि 1960 मध्ये या अल्बमसाठी पुन्हा आले. ती समज ऐकू येते.

मारवा: अवघड आहे म्हणून ऐकायला चांगलं, हे गणित मला पटत नाही.

साइड_बी: मध्येच विचारतो, ड्रम्सवर कोण आहे? माझ्या ॲपवर फक्त दोघांची नावं दिसतात.

खर्जवाला: काही ट्रॅकवर रॉय हेन्स, बाकीच्यांवर आर्ट टेलर. बेसवरही पॉल चेंबर्स आणि टॉमी विल्यम्स असे दोघं.

साइड_बी: बघा! एवढी मोठी माणसं आणि नावं गायब. पूर्वी कव्हर उलटलं की सगळं कळायचं.

माहीमकर: तिथे निदान कव्हरवर छापली होती. माझा मामा हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला ट्रॉम्बोन वाजवायचा. एकाही तबकडीवर त्याचं नाव नाही. गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांचं हेच झालं. सेबॅस्टियन डिसूझांसारख्या अरेंजरचं, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणाऱ्याचं, नाव पडद्यावर यायचं ते 'सहायक' म्हणून.

मारवा: धागा जाझचा आहे. आणि वादकांना वाजवण्याचे पैसे मिळत होतेच की.

माहीमकर: पैशांवर बोलू नका, तुम्ही तिथे नव्हता. शेवटच्या दिवसांत मामा रेडिओ लागला की बोट वर करायचा, 'हा मी.' घरच्यांपलीकडे कुणाला ते ठाऊक नव्हतं. तुम्हाला दोन ट्रॉम्बोनमधला फरक कळत नाही, कारण त्या माणसांकडे कधी कान दिलाच नाहीत!

साइड_बी: शंभर टक्के! श्रेयनामावली नसेल तर ऐकणाऱ्याने फरक शिकायचा कुठून?

खर्जवाला: माहीमकर, मारवांवर एवढं कशाला? पण श्रेयाचं म्हणणं खरंच आहे.

मारवा: मामांबद्दल वाईट वाटलं. पैशांचं वाक्य मागे घेतो. हेडफोन लावून याच अल्बममधलं 'ब्लू मंक' पुन्हा ऐकलं. ठीक आहे, माणसं दोन आहेत. कोणता सोलो कोणाचा, ते आता थोडं कळतं. तरी अख्खा अल्बम सलग ऐकणार नाही.

खर्जवाला: सलग नको. 'अलोन टुगेदर' ऐका, मग बोलू.