शब्दचर्चा : ‘एमेरिटस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची पानं मराठीत आणतेय. त्यात एक यादी आहे, वर्षानुवर्षं कोड सांभाळून आता थांबलेल्यांची. शीर्षक ‘एमेरिटस’. मी ‘निवृत्त’ लिहिलं आणि खोडलं. यादीतल्या कित्येकांची अजून तिशीही उलटलेली नाही. ‘माजी’ चालेल?

प्रतिसाद
‘माजी’ नको. मूळ अरबी शब्दाचा अर्थच ‘सरलेला’. माजी सरपंच म्हटलं की खुर्ची गेली, एवढंच कळतं. (‘माजी विद्यार्थी’मध्ये मात्र जिव्हाळा आहे, हे कबूल.) आणि ‘सेवानिवृत्त’ म्हटलं की अठ्ठावन्नावं वर्ष नि पेन्शनच डोळ्यांपुढे येते. इथे कित्येकांनी पगाराविना, रात्री जागून काम केलंय.

प्रतिसाद
लॅटिनमध्ये ‘एमेरिटस’ म्हणजे ठरलेली सेवा पुरी करून मोकळा झालेला सैनिक. मुळाशी ‘मेरेरे’ म्हणजे कमावणं. विद्यापीठात आपण ‘गुणश्री प्राध्यापक’ म्हणतो, तोच हा शब्द. पण ‘गुणश्री’त गौरव आहे, थांबणं नाही.

प्रतिसाद
कोशाआधी व्यवहार पाहा. डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीच्या प्रकल्पात कुणी थांबलं की त्याची डिजिटल चावी एमेरिटसांच्या वेगळ्या संचात जाते. अधिकार संपतो, पण परत यायचं तर नवख्यासारखी सगळी परीक्षा द्यावी लागत नाही. कुबरनेटीस या सॉफ्टवेअर प्रकल्पात, कोणत्या कोडचा अधिकार कुणाकडे ते सांगणाऱ्या ‘ओनर्स’ फाइलमध्येच अशा नावांसाठी निराळी जागा असते. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, ‘मेंटेनर्स’ (कोड सांभाळणारे) फाइलमधून काढलेलं नाव ‘क्रेडिट्स’मध्ये नेण्याची रीत आहे. म्हणजे अधिकार सोडला, मान राहिला, दार उघडं. मला यासाठी ‘मानकरी’ शब्द फार आवडतो. पालखीतला मानकरी हुकूम सोडत नाही, पण त्याच्यावाचून सोहळा पुरा होत नाही.

प्रतिसाद
शब्द गोड आहे, पण वर्तमानपत्रांनी त्याचा ‘पुरस्काराचे मानकरी’ करून टाकलाय. वाचणाऱ्याला बक्षीस मिळाल्यासारखं वाटेल. शिवाय गावचा मान बहुधा घराण्यात चालत येतो, इथला प्रत्येकाने स्वतः कमावलेला. ‘कृतकार्य’ कसा वाटतो? ज्याने हाती घेतलेलं काम पुरं केलं तो. सैनिकाच्या मूळ अर्थाच्या अगदी जवळ. फक्त ‘कृतकृत्य’शी गल्लत होऊ देऊ नका, ती मनाची अवस्था आहे.

प्रश्नकर्ती
‘कृतकार्य मेंटेनर’ घेते. मोठ्याने वाचून पाहिलं, अडखळायला होत नाही. खाली एक ओळ देईन : ‘यांनी जबाबदारी खाली ठेवली आहे, परत उचलायची असेल तर स्वागत आहे.’ अजून एक अडचण. यादीतले दोघे आता हयात नाहीत.

प्रतिसाद
मग त्यांना या शीर्षकाखाली ठेवू नका, खालची ओळ त्यांच्या आप्तांना बोचेल. त्यांच्यासाठी आपल्याकडे ‘अर्पण’ आहेच. इयन मर्डॉक यांनी 1993 मध्ये डेबियन सुरू केलं. डिसेंबर 2015 मध्ये ते गेले आणि 2017 ची ‘स्ट्रेच’ आवृत्ती त्यांना अर्पण झाली. ‘विम’ या मजकूर-संपादक सॉफ्टवेअरची 9.1 आवृत्तीही अशीच त्याचे दिवंगत कर्ते ब्राम मूलेनार यांना. तुमच्या यादीतल्या त्या दोघांसाठी निराळा चौकोन करा, वर ‘स्मरणपूर्वक’ लिहा, आणि त्यांनी काय काय केलं ते नावापुढे सविस्तर मांडा.