दुकान आणि घर: गोव्यातल्या व्यापारी कुटुंबांचे अनुभव

डिचोली, साखळी, फोंडा, कुडचडे अशा गावांत बाजारातला शेट सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तो भाव काय लावतो, उधार कुणाला देतो, देवळाच्या उत्सवाला वर्गणी किती घालतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक. त्याच्या घराबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. खरं तर दुकानाच्या वेळा सांभाळून ते घर जेवतं आणि दुकानाचा मोसम टाळून त्या घरात लग्नाच्या तारखा धरतात. म्हणून हे आवाहन. दुकानदारांनी लिहावं, त्यांच्या बायकांनी तर लिहावंच, गल्ल्यामागे बसून गृहपाठ केलेल्या मुलांनीही लिहावं. सुरुवात मी करते, माझ्यामागून इतरांनी लिहिलेलंही खाली आहे.

डिचोली, किराणा आणि मसाले

आमच्या दुकानाचा खरा कस लागायचा एप्रिल-मेमध्ये, पुरुमेंताच्या दिवसांत. पाऊस लागायच्या आत लामगाव, मये, पिळगावची घरं चार महिन्यांची बेगमी करून ठेवत. मिरची, धने, हळद, सोलं, चिंच, मीठ, कडधान्यं. ब्याडगी मिरचीची पोती दुकानात मावायची नाहीत, ती घरी सोप्यावर यायची. आई आणि काकी दिवसभर देठं खुडत बसायच्या. संध्याकाळी हातांची आग व्हायची, खोबरेल चोळलं तरी रात्रभर थांबायची नाही. त्या दिवसांत धाकट्या भावाला आई हात लावत नसे, आजीच न्हाऊ घालायची, भरवायची.

देठ काढलेल्या मिरचीला किलोमागे जास्त भाव मिळे. एका मोसमात आईने वडिलांना स्पष्ट सांगितलं, हा वरचा पैसा वेगळा ठेवायचा. वडिलांनी त्याचा पत्र्याचा वेगळा डबा केला आणि शेवटपर्यंत त्याला हात लावला नाही. आम्हा तिघांच्या शिक्षणाचा बराचसा खर्च त्या डब्यातून झाला. दुकान वडिलांच्या कष्टावर उभं राहिलं असं लोक म्हणतात, तेव्हा मी दर वेळी आईच्या हातांबद्दल सांगते. इथेही तेच सांगायचं होतं.

फोंडा, जनरल स्टोअर

मी दुपारबद्दल लिहिणार. गोव्याबाहेरच्या लोकांना आमचा बाजार दुपारी एक ते साडेतीन-चार बंद असतो याचं नवल वाटतं, आळसही वाटतो. आमच्यासाठी वडील भेटायची ती एकच वेळ होती. सकाळी आम्ही उठायच्या आधी ते दुकानात, रात्री येत तेव्हा आम्ही झोपलेले. एक वाजता शटर खाली ओढून ते चालत घरी येत, विहिरीवर पाय धूत आणि पाटावर बसत. शीत, हुमण, एखादी तळलेली बांगड्याची कापी. मग सोप्यावर चटई, पेपर, आणि अर्धं पान वाचून व्हायच्या आत डोळा लागलेला.

जेवण आणि झोप यांच्या मधल्या वेळात घरचं सगळं उरकायचं. प्रगतिपुस्तकावर सही, आजीच्या औषधाची आठवण, आत्याच्या मुलीसाठी आलेलं स्थळ. माझ्या कॉलेजचा निर्णयही अशाच एका दुपारी, ताट समोर असताना झाला. मला विज्ञान शाखा हवी होती, आईला वाटत होतं जवळ होईल ते घ्यावं. वडिलांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बसचा पास मी काढून देतो. तेवढ्यावर विषय संपला.

आता दुकान भाऊ बघतो. शेजारी मोठी सुपरमार्केटं आली, ती दुपारी बंद होत नाहीत, म्हणून यानेही दुपार उघडी ठेवली. वहिनी डबा पाठवते, तो काउंटरवरच उभ्याने खातो. धंद्याच्या हिशेबाने त्याचं बरोबर असेल. पण त्याच्या मुलांच्या वाट्याला ती दुपार आलेली नाही याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे.

सावर्डे, टायर आणि स्पेअर पार्ट

फोंड्याच्या ताईंचं दुपारचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे खाणी चालू असताना दुपार काय, रात्रसुद्धा नव्हती. खनिजाचे ट्रक जेटीकडे रांगेने जायचे, फेऱ्यांवर पैसे. टायर फुटला की ट्रकवाला दुकानाबाहेर हजर. अख्ख्या सावर्डे-कुडचडेतल्या गॅरेजांचं, चहाच्या गाड्यांचं, भाड्याच्या खोल्यांचं पोट त्या ट्रकांवर होतं.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली. कुठे सावरतोय तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. खाणीत नियम धाब्यावर बसवले गेले, शेतं मातीने भरली, विहिरी आटल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते नाकारत नाही. पण उधारीची वही माझ्या हातात होती, आणि त्यातली बहुतेक नावं माझ्या वाड्यावरचीच.

ट्रकवाल्यांच्या दारात बँकेची माणसं उभी होती. तिथे मी कोणत्या तोंडाने जाणार? मोठी मुलगी तेव्हा इंजिनीअरिंगला. बायकोने बांगड्या गहाण ठेवायला काढून दिल्या आणि घरी मुलींना शिवण शिकवायला सुरुवात केली. मी ट्रकचे टायर कमी करून दुचाकीचे ठेवले, शेतीच्या पंपांचे सुटे भाग आणले. धंदा लहान झाला, पण दार उघडं राहिलं.

एका ट्रकवाल्याची बायको दर महिन्याला येऊन थोडे थोडे पैसे देऊन जायची. नवरा संकोचाने येत नसे. ती वहीतलं पान उघडायला लावायची, रक्कम लिहून घ्यायची, खाली स्वतः सही करायची. सगळी बाकी तिने अशीच फेडली. त्या बाईइतका खरा व्यवहार मी बाजारात दुसरा पाहिला नाही.

म्हापसा, कापड

सावर्डेच्या भाऊंना नमस्कार. तुमच्या घरात जे घडलं त्यावरूनच मला एक सांगावंसं वाटतं, ते सगळ्या व्यापाऱ्यांच्या बायकांनी वाचावं.

आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. घर-जमीन विकायला किंवा गहाण टाकायला दोघांचीही संमती लागते. प्राप्तिकर कायद्यातल्या तरतुदीमुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरतात. दुकानाचा नफा म्हणजे अर्धा माझ्या रिटर्नमध्ये. माझा जन्म सिंधुदुर्गातला, तिथे असं काही नव्हतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी सीएनी माझा पॅन नंबर मागितला तेव्हा मला कळेचना कशाला. बरीच वर्षं दाखवतील तिथे सही करत होते.

मग दुकान वाढवायचं ठरलं. शुक्रवारच्या बाजाराला पेडणे-बार्देशातून गिऱ्हाईक येतं, चतुर्थीच्या आधी तर पाय ठेवायला जागा नसते, आणि आमची जागा अपुरी पडत होती. कर्जाचे कागद घेऊन बँकेत बसलो. अधिकारी माझ्यापुढे कागद सरकवून म्हणाला, वहिनी, इथे आणि इथे. मी म्हटलं, वाचते. वाचलं तर तारणात राहतं घर होतं. मी विचारलं, मालावर कॅश क्रेडिट मिळतं ना, मग घर कशाला? नवरा माझ्याकडे बघत राहिला. घरी येऊन आमचं बोलणं झालं, थोडं जोरातच झालं. शेवटी माल तारण ठेवून कमी कर्ज घेतलं, दुकान निम्मंच वाढवलं. पुढे लॉकडाउनमध्ये शटर बंद राहिलं तेव्हा हप्त्याची चिंता होती, पण घराची नव्हती. आता कुठलाही कागद आधी माझ्याकडे येतो, आणि तो नवराच आणून देतो.

सही करायच्या आधी वाचा. तुमचा हक्क कायद्यात आहेच, तो मागावा लागत नाही, वापरावा लागतो.

साखळी, स्टेशनरी

आमचं थोडक्यात. वाळवंटी नदीला पूर आला की पेठेत पाणी. जोराचा पाऊस लागला की रात्री सगळं घर दुकानात: वह्या वरच्या फळीवर, रंग माळ्यावर, झेरॉक्सचं यंत्र दोघांनी उचलून टेबलावर. मुलांना ही कामं सांगावी लागत नाहीत, कुणी काय उचलायचं ते ठरलेलं आहे. शाळा सुरू व्हायचा मोसम आणि पुराचा मोसम एकच, त्याला इलाज नाही.

मडगाव, भांड्यांचं दुकान

वडील वारल्यावर दुकान कुणाचं, हा प्रश्न आमच्याकडे आला. गोव्यात मुलगी आणि मुलगा दोघांचा वाटा सारखा, आणि मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता मुलांना डावलून देता येत नाही. आम्ही दोन भाऊ नोकरीला, एक दुबईत, एक पुण्यात. बहीण मात्र लग्नानंतरही रोज दुकानात येणारी. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झाली तेव्हा दुकान तिने घेतलं आणि आम्हा दोघांचे पैसे हप्त्यांनी चुकते केले. नातेवाइकांनी कुजबुज केली, पाटी बदलणार का असं विचारलं. पाटीवर वडिलांचं नाव आहे, ती त्यांची मुलगी आहे, बदलायचं काय? तांब्याच्या हंड्याला चिंच लावून तो दारात कसा मांडायचा, हे आम्हा भावांना कधी जमलंही नसतं.

वाळपई, चहा आणि भजी

माझं दुकान इथल्या सगळ्यांत लहान असेल. संध्याकाळी पिग्मीवाला, म्हणजे रोजची बचत गोळा करणारा, येतो, गल्ल्यातलं जे देता येईल ते देतो. मोठ्या मुलीचं लग्न त्यावर झालं, घरावर नवी कौलं त्यावर चढली. म्हापशाच्या ताईंचं वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, पिग्मीचं पुस्तक माझ्याही नावावर हवं. उद्या सोसायटीत जाऊन जोडनावाचा फॉर्म आणतो. फोटो दोघांचे लागतात की एकाचा, कुणाला माहीत असेल तर कळवा.