‘ऑप्टिकल मोलॅसिस’ला मळी म्हणावं की काकवी?

भीमाकाठ: बीएस्सीच्या पोरांसाठी लेसरने अणू गार करण्यावर मराठीत टिपण करतोय. लेसरच्या झोतांत अणू दाट पाकात शिरल्यासारखे मंदावतात, म्हणजेच गार होतात, त्याला ‘ऑप्टिकल मोलॅसिस’ म्हणतात. ‘ऑप्टिकल मोलॅसिस’ला ‘प्रकाशी मळी’ लिहिलं, तर मित्राने नाक मुरडलं. दुसरं काही सुचतंय का?

उसाचा फड: मळी नकोच ओ. आपल्या सोलापूर भागात मळी म्हटलं की निम्म्या शेतकऱ्यांना रानात पसरायचं प्रेसमड (कारखान्यातला गाळ) आठवतं, आणि पेपरात ‘बी हेवी मळी’ म्हणजे इथेनॉलवाली. काकवी लिहा की. गुऱ्हाळावरच्या काकवीत पळी फिरवून बघा, जितकी जोरात फिरवाल तितकी जड जाते.

जुळे सोलापूर: काकवीला माझाही होकार. हा ‘जितकी जोरात’चा मुद्दा टिपणात यायलाच हवा, सगळी गोम तिथेच आहे. लेसर झोतांच्या समोरासमोरच्या तीन जोड्या, म्हणजे सहा झोत. लेसरची वारंवारता अणू जी शोषतो तिच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. अणू ज्या झोताकडे धावतो त्याची वारंवारता डॉप्लर परिणामाने त्याला वाढलेली भासते, म्हणून समोरून येणारेच फोटॉन (प्रकाशाचे कण) तो जास्त शोषतो, आणि दर फोटॉनचा एक धक्का बसतो. ते परत टाकतो कुठल्याही दिशेला, तिथले धक्के सरासरीत फिटतात. समोरून बसलेले तेवढे साचत जातात. रुबिडियम या धातूच्या अणूचा वेग एका फोटॉनने सेकंदाला जेमतेम 6 मिलिमीटर उतरतो. खोलीच्या तापमानाला तो पळत असतो सेकंदाला 300 मीटरच्या आसपास! म्हणून अनेकदा आधी वेगळ्या झोताने त्याचा दम काढतात, मग काकवीत सोडतात.

भीमाकाठ: मी ‘काकवीत अडकलेले अणू’ असं लिहिलंय. चालेल?

जुळे सोलापूर: नाही चालणार. काकवी वेगाला विरोध करते, जागेवर धरत नाही. मंदावलेला अणू डगमगत का होईना, बाहेर पडतोच. धरून ठेवायचं तर जोडीला चुंबकीय क्षेत्र लागतं. ‘सापळा’ हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा. 1985 साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्हन चू यांच्या गटाने सोडियमचे अणू 240 मायक्रोकेल्विनपर्यंत (निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर) उतरवले, ती नुसती काकवी होती. चुंबकाची जोड 1987 मधली.

उसाचा फड: आणि ‘गोठवले’ लिहू नका, वर्तमानपत्रं हटकून लिहितात. गोठलं म्हणजे घट्ट झालं.

जुळे सोलापूर: बरोबर, तो शेवटपर्यंत विरळ वायूच असतो. ‘गार केले’ किंवा ‘मंदावले’.

भीमाकाठ: ठरलं. ‘प्रकाशी काकवी’, आणि पहिल्या उल्लेखाला शेजारी ‘ऑप्टिकल मोलॅसिस’. परीक्षेत तोच शब्द येतो.